चालटीची जीभ

रावसाहेबांना मी अजून क्षमा केलेली नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची आपल्याकडे रीत आहे. ती मी त्यांच्या तेराव्याला पाळली, दोन वाट्या खीरही खाल्ली, आणि तेवढं पुरे झालं असं माझं मत आहे. आता लिहितो आहे ते खीर उतरल्यानंतरचं आहे.

लढाई चालू होती ती वर्षं. नगरच्या एका हायस्कुलात मी शास्त्र शिकवत होतो, म्हणजे फळ्यावर बेडूक काढून त्याच्या पोटात रंगीत खडू भरत होतो. खरा बेडूक कापायला हेडमास्तरांची परवानगी नव्हती. त्यांच्या मते हिंसा फळ्यावर चालते, टेबलावर चालत नाही. मला यातून सुटायचं होतं. पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्रोफेसर होते, त्यांच्या हाताखाली मी बी.एस्सी. झालो होतो, दुसऱ्या वर्गात. त्यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची एक जागा निघणार होती. भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्या वर्गाच्या माणसाला घ्यायचं तर मला वरिष्ठांना काहीतरी दाखवावं लागतं. स्वतःचं एखादं काम कर, छापून आण, मग ये. जागा मी तोवर अडवून धरतो."

एवढंच मला हवं होतं. एक छापील काम, त्यावर माझं नाव.

रावसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सरकारनं किताब दिला तो कालवे काढल्याबद्दल की कालव्यांचे ठेकेदार सांभाळल्याबद्दल, याविषयी गावात दोन मतं होती. सावेडीच्या रस्त्याला त्यांचा बंगला होता आणि त्याच्या व्हरांड्यात काचेच्या सात टाक्या. भिंगारच्या छावणीतल्या कुणा गोऱ्या अधिकाऱ्याची ब्रह्मदेशाकडे बदली झाली, तेव्हा तो आपली टाकी आणि मासे पाळणाऱ्यांच्या एका इंग्रजी मासिकाचे जुने अंक रावसाहेबांच्या गळ्यात घालून गेला. बाकीच्या सहा टाक्या रावसाहेबांनी स्वतः करवून घेतल्या. दारावर पाटी लावली: मत्स्यशाला. रविवारी सकाळी गावातले वकील, डॉक्टर, पेन्शनर तिथे जमत आणि टाक्यांसमोर आरामखुर्च्या टाकून माशांची वर्गवारी करत.

ही वर्गवारी बघण्यासारखी असे. जेवणावळीत बसवावं तसे त्यांनी माशांना पंक्तीत बसवले होते. पहिली पंगत आदिम माशांची, दुसरी मधल्या काळातल्या, तिसरी अर्वाचीन. पहिल्या पंगतीत जायचं तर माशाला तीन गोष्टी जमाव्या लागत. त्यानं पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेतली पाहिजे, सापासारखं दिसलं पाहिजे, आणि चेहरा रागीट पाहिजे. या हिशेबानं मरळ सगळ्यांच्या वर बसली होती. जाड अंगाची, डोकं नागासारखं, दर थोड्या वेळानं वर येऊन हवा गिळणारी. "पहा," रावसाहेब काचेच्या कांडीनं टाकीवर टकटक करून म्हणत, "मासा जेव्हा मासा होण्याच्या विचारात होता, तेव्हाचा हा नमुना." वकील माना डोलवत. एका डॉक्टरांनी विचारलं होतं की चेहरा रागीट आहे हे कसं ठरवायचं. पुढच्या रविवारी त्यांना बोलावणं गेलं नाही.

माशाला हात मात्र कुणी लावत नसे. सगळे वरणभातवाले. रावसाहेब तर टाकीतलं पाणी अंगावर उडालं तरी आंघोळ करत. माशाला इकडून तिकडे करायचं तर ती काचेची कांडी. म्हणजे मत्स्यशालेतलं सगळं ज्ञान काचेपलीकडून आलेलं होतं. माशाच्या तोंडाच्या आत काय आहे, कल्ल्याखाली काय आहे, हाडं कशी बसलीत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं.

मी तिथे गेलो तो त्या इंग्रजी अंकांच्या लोभानं. रावसाहेबांनी मला तीन रविवार जोखलं आणि चौथ्या रविवारी म्हणाले, "मास्तर, जिल्ह्यातल्या गोड्या पाण्यातल्या माशांची यादी करू. शास्त्रशुद्ध. नद्या तुम्ही फिरा, छपाईचं मी बघतो."

मी विचारलं, "नाव कुणाचं?"

"दोघांचं. माझं वर, कारण वय. तुमचं खाली, कारण वय."

यावर मी हसलो. तेव्हा मला ते विनोदी वाटले होते.

दोन वर्षं मी सुट्टीच्या दिवशी प्रवरासंगमला जात होतो. औरंगाबाद रस्त्याची कोळशावर चालणारी मोटार, नेवासे फाट्यापर्यंत अंगावर राख, पुढे अंगावर धूळ. नदीवर एक म्हातारा भोई होता. त्याच्या जाळ्यात जे येई ते मी बघायचं, मापायचं, वहीत उतरवायचं, बाटलीत घालायचं. पहिले काही महिने वासानं मला मळमळे. घरी आलो की बायको दारातच विचारायची, "शिवलात का आज मासे?"

"शिवलो."

"मग मागच्या दारानं. बादली ठेवलीय. आणि ती वही बाहेर राहू दे."

वही दोन वर्षं न्हाणीघराच्या कोनाड्यात राहिली. तिला अजून वास येतो.

भोयाची वर्गवारी रावसाहेबांच्यापेक्षा सुटसुटीत होती. "आमच्यात तीनच जाती," तो म्हणाला, "रश्श्याची, भाजायची, अन् बायकू फेकून देती ती." तो मला चिडवायला कधी चुकत नसे. "तुमी लोकं मासं खात न्हाई अन् माशाचा पिच्छाबी सोडत न्हाई. आमाला त्येचं लई हसू येतं, मास्तर."

एका दिवशी जाळ्यात चालट आली. विळ्याच्या पात्यासारखी चपटी, रुपेरी मासळी. पाठीवर एकच इवलासा पर, पिसासारखा, आणि पोटाखालून शेपटीपर्यंत एकच लांब झालर. त्या झालरीवर ती पुढे जाते तशीच मागेही जाते. मत्स्यशालेत ती तिसऱ्या पंगतीत होती, कारण चेहरा मवाळ. भोयानं ती ओल्या फडक्यात धरली आणि माझ्यापुढे केली.

"हिच्या तोंडात बोट घाला."

"कशाला?"

"घाला तर. मानूस मरत न्हाई त्येनं."

मी घातलं. तिनं तोंड मिटलं आणि मी ओरडलो. बोट बाहेर काढलं तर खालून रक्त. म्हातारा गुडघ्यावर हात मारून हसत होता.

"समदं मासं जबड्यानं चावत्यात. ही बया जिभंनं चावती. जीभ न्हाई ती, कानस हाय."

मी तिचं तोंड चिमट्यानं उघडून पाहिलं. जिभेच्या जागी हाड होतं आणि त्यावर मागे वळलेले दात. खालची जीभ वरच्या टाळूवर दाबून ती भक्ष्य पकडत होती. पुढच्या सुट्टीत पुण्याला गेलो आणि कॉलेजच्या लायब्ररीत विलायतेत छापलेला एक जाड ग्रंथ काढून बसलो. त्यात होतं. हाडाच्या, दात असलेल्या जिभेच्या माशांचं एक फार जुनं घराणं आहे, त्यातले काही दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत राहतात, काही आफ्रिकेत, काही ऑस्ट्रेलियात, आणि आपली चालट त्यांचीच नातलग. ज्या मासळीला नगर जिल्ह्यात रश्श्याखेरीज कुणी विचारत नव्हतं, तिचे भाऊबंद ॲमेझॉनमध्ये होते. आणि मरळ? ती हवा घेते ती आटत्या डबक्यात जगता यावं म्हणून कल्ल्यांच्या वर झालेल्या एका कप्प्यानं. ती सोय तिनं मागाहून करून घेतलेली. घराणं बऱ्यापैकी नवीन. जुना मासा ओळखायचा तो त्याच्या हाडांवरून. तो दिसतो कसा आणि रागावलेला वाटतो का, याला किंमत नाही.

त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी पुन्हा कधी अनुभवला नाही. नदीकाठीच तारीख घालून वहीत केलेली ती नोंद मी पुरी केली. चित्र काढलं. बोटाचं रक्तही पानाला थोडं लागलं होतं, ते तसंच ठेवलं. यादीतलं शेवटचं प्रकरण आदिम माशांचं करायचं आणि त्यात चालटीला पहिलं स्थान द्यायचं, हे मी परतीच्या गाडीतच ठरवलं. हे प्रकरण प्रोफेसरांनी वाचलं की माझं काम झालं.

यादीचे पहिले दोन भाग मी साफ अक्षरात लिहून रावसाहेबांना दिले. ते छापखान्यात गेले. तिसरा भाग, आदिमांचा, माझ्याकडेच होता. एका संध्याकाळी रावसाहेबांनी मला चिठ्ठी देऊन छापखान्यात पाठवलं, काम लवकर उरका असं सांगायला. तिथल्या म्हाताऱ्या कंपोझिटरनं जुळवलेल्या मजकुराचे कच्चे कागद माझ्यापुढे ठेवले. मुखपृष्ठावर रावसाहेबांचं नाव चार ओळींत होतं. एका ओळीत किताब, एकीत नाव, एकीत निवृत्तीपूर्वीचा हुद्दा, एकीत 'मत्स्यशाला-संस्थापक'. पाचवी ओळ नव्हती. प्रस्तावनेच्या शेवटी असं होतं: 'नोंदींच्या नकला करणे, बाटल्या धुणे इत्यादी किरकोळ कामी एका स्थानिक शिक्षकाचे साहाय्य झाले, त्यांचा मी आभारी आहे.'

कंपोझिटरनं चष्मा वर केला. "मास्तर, हे स्थानिक शिक्षक कोण हो?"

"असेल कुणीतरी," मी म्हणालो.

मी सरळ बंगल्यावर गेलो. रावसाहेब व्हरांड्यात होते.

"रावसाहेब, दोन नावं ठरली होती."

"मास्तर, कागदावर कंट्रोल आहे. एकेका तावासाठी मला कलेक्टर कचेरीत बसावं लागलंय."

"माझं नाव एका ओळीत मावतं."

"प्रश्न ओळीचा नाही हो, तत्त्वाचा आहे. वाचकाला कर्ता एकच हवा असतो. दोन दिसले की त्याला शंका येते, खरं काम कुणी केलं."

"खरं काम कुणी केलं?"

ते हसले आणि टाकीतल्या मरळीकडे बघत म्हणाले, "तुम्ही तरुण आहात. नाव होईल पुढे. आणि हो, शेवटचं प्रकरण लवकर आणा. प्रकाशनाला पुण्याहून प्रोफेसर यायचेत, अध्यक्ष म्हणून. तुमचेच गुरू ना ते? मी त्यांना लिहिलंय, आमचे मास्तर बाटल्या फार स्वच्छ धुतात."

माणसाला ज्या क्षणी खरा राग येतो त्या क्षणी तो शांत होतो, असा माझा अनुभव आहे. मी त्यांना नमस्कार केला आणि घरी आलो.

सहामाही परीक्षा चालू होती. सातवीच्या वर्गावर माझा पहारा होता. मुलं मान खाली घालून अक्षांश-रेखांश लिहीत होती आणि मी टेबलाशी बसून शेवटचं प्रकरण लिहीत होतो. चालटीचं खरं पान मी वहीतून अलगद फाडून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि कोऱ्या कागदावर माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिलं: 'चालट. जीभ मऊ व दंतहीन, सबब अर्वाचीन. मरळ. हवेचे ग्रहण करते, सबब जिल्ह्यातील सर्वांत आदिम मत्स्य.' दोन वर्षांत माशांबद्दल खोटं असं मी हे पहिल्यांदाच लिहिलं. लिहिता लिहिता एका मुलाला शेजाऱ्याच्या पेपरात डोकावताना पकडून मी उभं केलं आणि प्रामाणिकपणावर चार शब्द ऐकवले.

माझा बेत साधा होता. रावसाहेब कधी माशाच्या तोंडात बोट घालणार नाहीत, म्हणजे त्यांना कळणार नाही. त्यांच्या लाडक्या मरळीला गादी मिळतेय म्हटल्यावर ते तपासणारही नाहीत. प्रोफेसर मात्र पहिल्या नजरेत पकडतील. भरल्या सभेत रावसाहेबांचं पितळ उघडं पडेल, आणि मग मी पुढे होऊन खिशातलं पान काढीन: सर, खरी नोंद ही, खरं काम माझं. हे वाक्य मी सायकलवर येता-जाता म्हणून पाहत असे.

रावसाहेबांनी प्रकरण वाचलं आणि मला पाठीवर थोपटलं. "मास्तर, शेवटी तुमचंही मत माझ्याच मताला येऊन मिळालं. यालाच शास्त्र म्हणतात."

प्रकाशन त्यांच्या अंगणात झालं, रविवारी दुपारी चारला. मांडव, सतरंज्या, पुढच्या रांगेला खुर्च्या. टाक्या व्हरांड्यातून बाहेर आणून टेबलांवर मांडल्या होत्या आणि मरळीच्या टाकीला झेंडूचा हार घातला होता. भोयाला खास बोलावलं होतं, दोन जिवंत चालटी डब्यात घालून तो सकाळच्या मोटारीनं आला होता आणि त्या त्यानं टाकीत सोडल्या होत्या. त्याला बसायला कुणी सांगितलं नाही. तो हौदापाशी उकिडवा बसून राहिला. मी मागे उभा होतो.

रावसाहेब रेशमी उपरणं घेऊन बोलायला उभे राहिले. मरळ ही जिल्ह्याची आद्य नागरिक आहे, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. सृष्टीच्या पहाटे प्रवरेच्या काठी जो पहिला श्वास घेतला गेला तो हिनं घेतला, असंही म्हणाले. मरळीनं वर येऊन हवा गिळली, पुन्हा टाळ्या झाल्या. प्रोफेसर अध्यक्षांच्या खुर्चीत ते छोटं पुस्तक चाळत होते. शेवटच्या प्रकरणाशी ते थांबले. एक बोट पानावर ठेवून त्यांनी भाषण संपू दिलं आणि मग उठून सरळ चालटीच्या टाकीपाशी गेले.

"रावसाहेब, जीभ मऊ असं लिहिलंय. तुम्ही पाहिलीत?"

"अर्थात. अनेकदा."

"कशी?"

"निरीक्षणानं."

"आता पाहू या?" त्यांनी हौदाकडे बघितलं. भोई उठून आला, टाकीत हात घालून त्यानं चालट ओल्या फडक्यात धरली. प्रोफेसरांनी करंगळी तिच्या तोंडात घातली, लगेच काढली, आणि म्हणाले, "तुम्ही पण बघा."

पुढच्या रांगेतली सगळी माणसं रावसाहेबांच्या हाताकडे बघत होती. बोटात पवित्रकं घालणारा तो हात माशाच्या तोंडात कसा जाणार? त्यांनी उपरणं सावरलं, टेबलावरची काचेची कांडी उचलली आणि तीच चालटीच्या तोंडात घातली. चालटीनं तोंड मिटलं. रावसाहेबांनी कांडी ओढली आणि कर्र असा आवाज आला. काच हाडावर घासल्याचा. मांडवात शेवटच्या सतरंजीपर्यंत तो ऐकू गेला. कुणी तरी फिस्सकन हसलं.

तो आवाज माझ्या कानात अजून आहे. एखाद्याला आपल्या पोराचं पहिलं रडणं आठवतं तसा मला तो आठवतो. रावसाहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मी पुढे व्हायला पाऊल उचललं.

पण रावसाहेब माझ्याआधी पुढे झाले. ते वळले, हात लांब करून माझ्याकडे दाखवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हे सगळं काम मास्तरांचं! सभ्य गृहस्थहो, सत्य लपवून काय उपयोग? नद्या त्यांनी पालथ्या घातल्या, नोंदी त्यांनी केल्या, प्रकरण त्यांच्याच अक्षरात आहे. मी केवळ विश्वास ठेवला. पुढे या, मास्तर, संकोच कसला!"

दोन वर्षं ज्या वाक्यासाठी मी राख आणि धूळ खाल्ली, ते वाक्य त्यांनी पूर्ण उदारपणे, चारचौघांत, एक शब्द न वगळता मला दिलं. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. प्रोफेसर म्हणाले, "तुझं का हे काम?"

आणि इथे भोयाला राहवलं नाही. त्याला वाटलं मास्तरांची अब्रू जातेय, आपण सावरावी.

"आवो सायेब, मास्तरास्नी समदं ठावं हाय! म्याच दावलं हुतं की त्येंला, दोन साल झालं. बोट घातलं तवा रगत आलं हुतं, लई वरडलं. त्ये कशाला चुकत्याल? हितं मऊ कुनी लिवलं, त्येला इचारा."

मांडवात कुणाला काही कळलं नाही. प्रोफेसरांना कळलं. मी खिशातलं पान काढलं, कारण हात आधीच तिथे होता. त्यांनी ते घेतलं. चित्र बघितलं, रक्ताचा डाग बघितला, तारीख बघितली. मग छापील पुस्तक बघितलं. मला खरं आधीपासून ठाऊक होतं हे या तारखेवरून कळेल, याचा मी विचारच केला नव्हता. सायकलवर मी माझं वाक्य म्हणून पाहिलं होतं, पण त्यांचा प्रश्न कधी विचारून पाहिला नव्हता.

त्यांनी प्रश्न विचारलाही नाही. सभा आटोपली, अत्तर-गुलाब झालं. टांगा आला तेव्हा मी त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेलो.

"सर, त्यांनी माझं नाव काढलं होतं. बाटल्या धुणारा म्हणून छापलंय मला. प्रस्तावना वाचा."

"वाचली."

"मग?"

त्यांनी ते पान नीट घडी करून मला परत दिलं. "हे चांगलं काम आहे. फार चांगलं." मग टांग्याच्या पायरीवर पाय ठेवून म्हणाले, "माझ्याकडे येणाऱ्यांना काही येत नसलं तरी चालतं, मी शिकवतो. पण तुम्हाला येत होतं. उद्या तुम्ही माझ्यावर रागावलात तर माझ्या नोंदींचं काय होईल?"

कॉलेजात चार वर्षं ते मला अरे-तुरे करत आले होते. पहिल्यांदाच अहो-जाहो केलं, त्यावरून मला समजलं की जागा गेली.

टांगा गेला. मी परत मांडवात आलो, कारण सायकल तिथे होती. भोई रिकामा डबा घेऊन उभा होता. "मास्तर, म्या काय वाकडं बोललो का?"

"न्हाई," मी म्हणालो. त्याच्याशी मी त्याच्याच बोलीत बोलायचो.

पुढे प्रोफेसरांनी रावसाहेबांना पत्र लिहिलं की यादीतली एक नोंद जाणूनबुजून चुकीची असल्यानं बाकीच्या नोंदींवरही विसंबता येत नाही. बाकीच्या सगळ्या खऱ्या होत्या. एकेक मासा मी हातानं मोजला होता. ते आता कुणाला पटवणार? रावसाहेबांना मात्र त्या पत्राचा अर्थ एवढाच लागला की एक शुद्धिपत्र चिकटवावं लागणार. महिन्याभरानं त्यांनी मला बोलावलं.

मी गेलो. का गेलो, हे बायकोनंही विचारलं होतं. मला त्यांचा पडलेला चेहरा बघायचा होता. चेहरा मुळीच पडलेला नव्हता. उलट अंगात नवा हुरूप होता. जिभेवरून घराणं कळतं हे समजल्यापासून ते काचेची कांडी घेऊन टाक्यांपाशी उभे असत आणि प्रत्येक माशाच्या तोंडात ती घालून कर्र आवाज येतो का ऐकत. मरळीच्या गळ्यातला हार निघाला होता. "मास्तर, झालं गेलं विसरा," ते म्हणाले. "शास्त्र पुढे जातं ते चुकांतूनच. हे बघा, शुद्धिपत्राचा कच्चा कागद. छापण्याआधी तुमच्या नजरेखालून जावा म्हणून बोलावलं. आता तुमचं नाव घातलंय बरं का."

घातलं होतं. 'चालट: जीभ मऊ याऐवजी जीभ दंतयुक्त असे वाचावे, व मत्स्य आदिम समजावा. सदर चूक नोंदी करणारे शिक्षक श्री. अमुक यांची असून सुधारणाही त्यांच्याच संमतीने केली आहे.' अमुकच्या जागी माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. जन्मात छापून आलेलं माझं नाव ते तेवढंच.

त्याखाली रावसाहेबांनी स्वतःची एक ओळ घातली होती. 'वाम हिच्या मुखातही दंत आढळले, सबब तीही चालटीची सख्खी बहीण असून तितकीच आदिम होय.' कांडीनं लावलेला हा त्यांचा शोध. वाम ही काटेरी पाठीची, लांबुळकी मासळी. तिचे दात जबड्यात असतात, बहुतेक माशांचे असतात तसे. चालटीशी तिचं नातं आहे म्हणणं म्हणजे मिशा आहेत म्हणून मांजराला सुभेदार म्हणणं. दोन मिनिटांत मी त्यांना हे समजावून सांगू शकलो असतो. नाव माझं होतं, संमतीही माझीच छापली जाणार होती.

रावसाहेब डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते. या वेळी त्यांनी खरंच विचारलं. "मास्तर, मनापासून सांगा. आता सगळं बरोबर आहे ना?"

मी कागद एकदा वरपासून खालपर्यंत वाचला.

"अगदी बरोबर आहे," मी म्हणालो, आणि छापखान्यात तो मीच नेऊन दिला.